चुणीवरचे चित्र : आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेची सुरुवात पंख्यांपासून झाली नाही. आम्ही तिघे भागीदार हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे करीत होतो. अकरा वर्षांपूर्वी एका नृत्यसंस्थेने आपल्या प्रयोगासाठी घडीच्या ६० पंख्यांची मागणी नोंदवली, तेव्हा कमानीच्या आकारात कागद कापायचा, चित्र काढायचे आणि घड्या घालून काड्यांवर चिकटवायचे, एवढेच हे काम असावे असे आम्ही धरून चाललो. सपाट कागदावर चित्रे देखणी दिसत होती. घड्या पडल्यावर मात्र जाड थरातला ॲक्रिलिक रंग चुणीच्या कडेवर तडकून सुटू लागला, आणि एका नर्तकीचा चेहरा नेमका खोलगट घडीत सापडल्यामुळे तिचे नाकच दिसेनासे झाले. ६० पैकी ४१ पंखे परत आले. ते परत येणे रास्तच होते, हे आज मोकळेपणाने मान्य करतो.

त्यानंतर आमच्याकडे कामाचा क्रम उलटला. आता कुंचला उचलण्यापूर्वी पेन्सिलीने सगळ्या घड्यांच्या रेषा आखल्या जातात, आणि डोळे, बोटे, पक्ष्याची चोच असे नाजूक तपशील त्या रेषांपासून दूर ठेवूनच आराखडा ठरतो. रंग जलरंगासारखे पातळ लावतो. कागद दुपदरी असतो. घड्या घातल्यावर दोन पदरांच्या मधून काड्यांची निमुळती टोके हलक्या हाताने सरकवावी लागतात, आणि तिथे घाई केली तर चार दिवसांचे चित्र एका क्षणात फाटते. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली. उघडलेला पंखा कधीच पूर्ण सपाट होत नाही, त्यामुळे चित्र आडवे आक्रसते आणि अचूक गोल काढलेला चंद्र पंख्यावर उभट दिसतो. म्हणून आमच्या आराखड्यातले चंद्र थोडे पसरट असतात. नव्या चित्रकाराला ते चुकलेले वाटतात आणि तो ते प्रामाणिकपणे दुरुस्तही करून ठेवतो!

घडीचा पंखा जपानमध्ये घडला आणि सोळाव्या शतकात सागरी व्यापारातून युरोपात रुजला, हे वाचताना आमचे लक्ष १८७९ सालच्या पॅरिसमधील इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनाकडे गेले. तिथे देगा आणि पिसारो यांनी पंख्याच्या आकारातली चित्रे मांडली होती. देगाच्या अशा चित्रांपैकी बहुतेक काड्यांवर कधी चढलीच नाहीत. चीनमध्येही जुन्या पंख्यांवरची चित्रे सोडवून, सपाट करून संग्रहाच्या पानांवर चिकटवण्याची पद्धत होती आणि त्या चित्रांवर घड्यांच्या खुणा अजून दिसतात. मला स्वतःला या खुणाच अधिक मोलाच्या वाटतात, कारण ते चित्र कुणाच्या तरी हातात उघडत-मिटत होते याची ती साक्ष आहे.

याच विचारातून आमचे सर्वांत मागणी असलेले काम निघाले. प्रत्येक चुणीला दोन उतार असतात; डावीकडून पाहणाऱ्याला एका बाजूचे उतार अधिक दिसतात, उजवीकडून दुसऱ्या बाजूचे. आम्ही एका बाजूच्या उतारांवर पानगळीतली फांदी रंगवली आणि दुसऱ्या बाजूच्या उतारांवर तीच फांदी बहरलेली. पंखा हातात फिरला की फांदी फुलते. ही युक्ती आमची नव्हे, पण ती साधायला आम्हाला सात महिने लागले, कारण एका चुणीवर रेघ केसभर सरकली तरी फुले निष्पर्ण फांदीवर डोकावतात.

आज आम्ही नऊ जण आहोत आणि महिन्याला जेमतेम ३० पंखे पूर्ण होतात. बरेच ग्राहक ते काचेच्या चौकटीत कायमचे उघडे लावतात, आणि त्यावरून आम्हा भागीदारांत अजूनही वाद होतो. तूर्तास तोडगा असा निघाला आहे की चौकट मागणाऱ्याला आम्ही काड्यांविना, घड्या न घातलेले चित्र देतो आणि त्यातला चंद्र गोलच काढतो.