बोटांचा दोष नव्हता

"अहो, दोन लाखांची गिटार आहे. तिच्यात खोट कशी असेल?"

महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. पुण्यात घराच्या मागच्या खोलीत गेली अठरा वर्षं मी गिटार आणि बेस, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, दुरुस्त करतो. केस उघडताना माणूस कंपनीचं नाव आधी सांगतो आणि तक्रार नंतर, तीही हळू आवाजात, जणू तक्रार करणंच चूक आहे. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

सुरुवात एका मुलीपासून करतो. ती साताऱ्याची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वडिलांनी तिला नावाजलेल्या परदेशी कंपनीची इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली होती. दीड वर्ष रोजचा रियाज करूनही एफचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा स्वरमेळ, स्वच्छ वाजेना. क्लासमध्ये सांगितलं, बोटांत ताकद नाही. मग तिने रबरी चेंडू दाबला, व्यायाम केले, मनगट दुखवून घेतलं. माझ्याकडे ती आली होती नुसत्या तारा बदलायला. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. मी सवयीने प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहिलं. तिथे पातळ कागद जेमतेम सरकावा एवढीच फट हवी. तिच्या गिटारीत जाड पोस्टकार्ड आरपार गेलं.

नट म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खाली उतरतात. त्या खाचा कारखान्यात पुरत्या कापल्याच नव्हत्या. तार अशी उंच राहिली की पहिल्या फ्रेटवर दाबायला दुप्पट जोर लागतो, आणि दाबताना ती ताणली गेल्यामुळे सूरही चढतो. ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, १८ सेंट चढ दिसत होती. अर्धा स्वर १०० सेंटचा असतो, म्हणजे अठराने कान सहज दुखतो. पाऊण तास बारीक कानशीने काम केलं, तारा चढवल्या, गिटार तिच्या हातात दिली. तिने एफ धरला आणि सहाही तारा बोलल्या. ती थांबली आणि म्हणाली, "काका, म्हणजे दीड वर्ष मी बरोबरच दाबत होते?"

मला या सगळ्याची चीड येते ती या वाक्यामुळे. चार हजारांची गिटार वाईट वाजली की माणूस गिटारीला नावं ठेवतो. दोन लाखांची वाईट वाजली की तो स्वतःला नावं ठेवतो, आणि किती जण त्या नादात वाजवणंच सोडतात.

तर मग पैसे जातात कुठे? लाकूड, रंग, पिकअप (तारेचं कंपन पकडणारा विजेचा भाग), तिथल्या कामगाराचा पगार, जाहिरात, जहाजाचं भाडं, सीमाशुल्क, जीएसटी, वितरक, दुकानदार, आणि हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावरचं नाव. यातलं लाकूड खरंच चांगलं असतं, ते मी नाकारत नाही. आजकाल नेक (मान) आणि बॉडी यंत्र कापतं, तेही छान कापतं. चुकतं ते शेवटच्या दीड-दोन तासांत. फ्रेट एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गोल करणं, नटच्या खाचा घासणं, सोल्डरचे सांधे तपासणं, हे हाताचं काम. फ्रेटसाठी बर्लिनमध्ये तयार झालेलं प्लेक नावाचं यंत्र काही मोठे कारखाने वापरतात. ते तारांचा ताण असताना प्रत्येक फ्रेटची उंची मोजतं आणि नेमकं तेवढंच घासतं. यंत्र उत्तम आहे. पण त्यानंतरही कुणीतरी गिटार मांडीवर घेऊन पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत वाजवून पाहायला हवी, आणि घाईच्या कारखान्यात वेळ वाचवायचा झाला की कात्री आधी तिथेच लागते. कारण फोटोत रंग दिसतो, नटची खाच दिसत नाही.

मिरजेत सतार घ्यायला गेलात तर कारागीर जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला येणारी झणक, तुमच्यासमोर लावतो. घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. खुली हवी की बंद, हे वाजवणाऱ्याला विचारतो. वाद्य पुरं होणं म्हणजे काय हे तिथे डोळ्यांनी दिसतं. खोक्यातून येणाऱ्या गिटारीला तो माणूस भेटतोच असं नाही.

हे आजचंच आहे असंही नाही. १९६५ साली सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर ही गिटार बनवणारी कंपनी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. उत्पादन वाढवत नेलं आणि हळूहळू हात सैल पडत गेला. १९७१च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टर या त्यांच्या प्रसिद्ध गिटारीचा नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर बसवायला लागले, पुढे जॅझ बेसचाही. आजही लोक त्या तीन स्क्रूंना शिव्या देतात. मला तो न्याय वाटत नाही. त्या रचनेत नेकचा कोन बारीक फिरवून जुळवायची सोय होती, कल्पना हुशारीची होती. घोळ होता तो नेक ज्या खोबणीत बसतो तिच्या कापण्यात. खोबण सैल कापली गेली की नेक बाजूला सरकतो, आणि सगळ्यात वरची किंवा खालची तार फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटांखालच्या लाकडी पट्टीच्या, काठावरून घसरते. त्या काळातल्या काही गिटारी अप्रतिम आहेत, काहींच्या खोबणीत नाणं घालता येतं. १९८५मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती सीबीएसकडून विकत घेतली. त्याआधी, १९८२पासून, जपानमध्ये मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात फेंडरच्या नावाने गिटारी बनू लागल्या होत्या. त्या स्वस्त विकल्या गेल्या, आणि त्यांची बांधणी आज जाणकार शोधून शोधून पाहतात.

गिब्सन या दुसऱ्या मोठ्या कंपनीची गोष्ट वेगळी आहे, तिथे प्रश्न निष्काळजीपणाचा नाही. लेस पॉल या तिच्या गिटारीचा हेडस्टॉक मागे १७ अंशांत झुकलेला असतो. नेक महोगनीच्या एका तुकड्यातून कापलेला, त्यामुळे नेमक्या त्या वळणावर लाकडाचे तंतू आखूड पडतात. वर तिथेच ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकचा वाक सावरणाऱ्या आतल्या धातूच्या सळईच्या, फिरवायच्या चाकीसाठी लाकूड पोखरलेलं. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की तिथे मोडते. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या गिटारींपैकी या घडणीच्या कितीतरी असतात, कंपनी कोणतीही असो. साठच्या दशकाच्या मध्यात गिब्सनने कोन १४ अंशांवर आणला, पुढे वळणाच्या मागे लाकडाचा उंचवटा ठेवला, नेक तीन तुकड्यांचा केला. मजबुती वाढली. पण गिऱ्हाइकांना पन्नाशीच्या दशकातलं रूप हवं होतं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो उंचवटा गेला. म्हणजे इथे आपलाही वाटा आहे. आपण नावाबरोबर जुनं दुखणंही मागून घेतलं.

सगळंच कारखान्याच्या माथी मारू नये. लाकूड हवेप्रमाणे हलतं. कारखान्यात हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर राखतात, आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते आणि एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा कोरडीठाक. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आक्रसतो, धातूचा फ्रेट आक्रसत नाही, आणि त्याची टोकं बोटाला करवतीसारखी लागतात. नेक थोडा वाकणं, ट्रस रॉड वर्षातून दोनदा फिरवावा लागणं, हा वाद्याचा स्वभाव आहे. लांब नेकच्या बेसवर पहिल्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. नेक त्याच कंपनाला साथ देऊन ताकद खाऊन टाकतो म्हणून तसं होतं. चांगल्या बेसमध्येही हे आढळतं, त्यासाठी भांडू नका. भांडा ते उचललेल्या फ्रेटसाठी, न कापलेल्या नटसाठी, सरळ होत नाही अशा पिळलेल्या नेकसाठी.

घेताना काय बघायचं, हेही लोक विचारतात. अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, लावूच नका सुरुवातीला. नेकच्या कडेने वरपासून खालपर्यंत तळहात फिरवा. मग सावकाश प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, दुकानदार कितीही घाई करू दे. दोन्ही बाजूंच्या तारा काठापासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. पहिल्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर तपासा. मग अॅम्प लावा आणि नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐका. वीस मिनिटं लागतात. एवढ्यात दुकानदार म्हणालाच की "या कंपनीत असं होत नाही", तर आणखी वीस मिनिटं थांबा.

गेल्या वर्षी म्हापशाचा एक बेस वाजवणारा आला. लग्नाच्या मोसमात चर्चबाहेरच्या मांडवापासून हॉटेलपर्यंत रोज वाजवणारा माणूस. त्याने साठवलेल्या पैशांतून नवा बेस घेतला होता. पहिली तार सतराव्या फ्रेटनंतर काठावरून खाली जात होती, आणि तारांना हात लावला तरी गुरगुर थांबत नव्हती. उघडून पाहिलं तर ब्रिजखालची, म्हणजे तारा अडकवायच्या घोडीखालची, अर्थची वायर सोल्डरलाच नव्हती, नुसती दाबून ठेवलेली. ती मी जोडली असती. पण नेकच्या खोबणीत एका बाजूला माझं नख शिरत होतं. मी त्याला म्हटलं, मी याला हात लावला तर वॉरंटी जाईल, आणि ही चूक तू पैसे देऊन का दुरुस्त करायची? परत ने.

दुकानात त्याला सांगितलं, हे नॉर्मल आहे. तो तीनदा गेला. तिसऱ्यांदा मी काढलेले फोटो आणि मापं घेऊन गेला, तेव्हा त्यांनी गोदामातून दुसरा नग काढून दिला. तो दुसरा घेऊन परत माझ्याकडे आला, खात्री करायला. नेक खोबणीत असा बसला होता की स्क्रू काढल्यावरही तो अलगद ओढून काढावा लागला. फ्रेट सपाट होते, सोल्डर चकचकीत होता, मला फक्त तारांची उंची त्याच्या हाताप्रमाणे लावावी लागली. तेच मॉडेल, तोच रंग, तीच किंमत. दोन्हींच्या अनुक्रमांकांत सदतीसचा फरक होता.