स्कर्ट वाचला, पण कोणामुळे

पुण्यातल्या एका आउटसोर्स स्टुडिओत मी कॅरेक्टर डिझाइन करते, म्हणजे गेम दुसऱ्याचा, आयडिया दुसऱ्याची, चित्रं आमची आणि क्रेडिट्समध्ये नाव बहुतेक वेळा कोणाचंच नाही. या वेळी मोबाइलवरच्या एका रनर गेमसाठी टोकियोतल्या हाराजुकू भागाच्या फॅशनवरून सुचलेल्या ओरिजिनल मुली हव्या होत्या, पहिलीच गॉथिक लोलिता. ब्रीफ दोन ओळींचा, सोबत आलेले रेफरन्स फोटो बघून डोकं फिरलं. सगळे स्वस्तातले कॉस्प्लेचे ड्रेस, चकचकीत सॅटिन, मांडीपर्यंत स्कर्ट, वर मेडचा एप्रन.

नावावरून लोकांना भलतंच वाटतं, पण ही स्टाइल अंगभर कपड्यांची आहे. गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, गुडघ्याशी येणारा स्कर्ट, लांब मोजे, आतून ब्लूमर्स म्हणजे ढगळ चड्डी, डोक्यावर लेसचा हेडड्रेस. मालिस मिझेर बँडचा गिटारिस्ट माना, त्याने 1999 मध्ये या कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला, 2001 मध्ये गॉथिक अँड लोलिता बायबल नावाचं मॅगझिन आलं, त्यात शिवणकामाचे पॅटर्न असायचे आणि पोरी घरी बसून शिवायच्या. रविवारी नटूनथटून हाराजुकू स्टेशनजवळच्या जिंगू पुलावर जमायच्या, ते एकमेकींना दाखवायला, रस्त्यावरच्या पुरुषांसाठी नाही. हे मला डिझाइनमध्ये हवं होतं.

रनर गेममध्ये कॅमेरा पाठीमागे असतो, त्यामुळे चेहऱ्यात कितीही जीव ओता, खेळणाऱ्याला दिसते पाठ, तीही अंगठ्याएवढी. म्हणून सगळा भार मी सिल्हूटवर टाकला, घंटेसारखा फुगलेला स्कर्ट आणि कमरेला मागे मोठा बो. दुसरी कटकट रंगाची, काळ्यावर काळं उन्हात फोनवर नुसता डाग दिसतो. मग कॉटनला निळसर काळा, मखमलीला लालसर काळा, आणि मळकट पांढरी लेस फक्त हेडड्रेस, कफ आणि घेराच्या काठाला. ही लेस धावताना हलते तेव्हा घेर कुठे संपतो ते बरोबर कळतं, या एका गोष्टीवर मी जाम खूश होते.

रिव्ह्यूत लीड म्हणाला, अपील कमी वाटतंय, स्कर्ट वर घे. मी सगळं समजावलं तर म्हणे, "अगं पण कोणाला कळणारे?" आमच्याकडे अपील म्हणजे मांड्या, हे एकदा लिहून भिंतीवर लावलं तर मीटिंगा तरी कमी होतील.

रिगर, म्हणजे कॅरेक्टर हलावं म्हणून त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवणारा, तो पण माझ्या बाजूने नव्हता. हा घेर मला मारणार, म्हणाला. मग मी लक्ष्मी रोडवरून कॅनकॅन आणला, तोच आपला लेहंग्याखाली घालतात तो जाळीचा, माझ्या जुन्या स्कर्टखाली चढवला आणि पॅन्ट्रीबाहेरच्या पॅसेजमध्ये चालले, पळाले, बसले, तो फोनवर शूट करत होता आणि क्यूएची पोरं चहा सोडून बघत होती. व्हिडिओ स्लो करून बघितल्यावर तो एकदम गप्प झाला. कॅनकॅन कापडाला पायांपासून लांब धरून ठेवतो, पाय आत हलतात आणि घेर आपला वेगळाच डुलतो, म्हणजे कमरेभोवती थोडी बोन्स दिली तरी काम भागतं. उलट आखूड प्लीटेड स्कर्ट मांडीला चिकटून असतो, प्रत्येक पावलाला मांडी कापडातून आरपार बाहेर येते, मग वेट पेंटिंग करत बसा, म्हणजे कुठलं हाड कापडाचा कुठला भाग किती ओढेल ते हाताने ठरवत बसा. फक्त स्लाइड मारताना अख्खी घंटा वर उचलली जात होती, तिथे काय दिसेल, तर ब्लूमर्स, लेसवाले, तेही मी मग आवडीने डिझाइन केले.

क्लायंटच्या कॉलवर मी रेफरन्स बोर्ड लावून बोलत राहिले, माना, मॅगझिन, जिंगू पूल, समोर सगळ्यांचे कॅमेरे बंद. शेवटी रिगर एवढंच बोलला की आखूड केला तर दोन दिवस जास्त लागतील. "ओके, गो विथ द लाँग वन." संपला विषय.

सगळ्यांनी अभिनंदन वगैरे केलं, मला मात्र ते अजून पचत नाहीये. पोरीचे कपडे तिच्या मनासारखे राहिले ते कुणाला पटलं म्हणून नाही, स्वस्त पडलं म्हणून. रिगरचा राग नाही हं, त्याने वाचवलंच, आणि त्या व्हिडिओनंतर तो स्वतः जुनी मॅगझिन्स शोधून बघत होता, लीडने अजून बघितलेली नाहीत. पण खर्चाचं गणित प्रत्येक वेळी आपल्या बाजूने कसं असेल? पुढची मुलगी डेकोरा आहे, हाराजुकूचीच दुसरी स्टाइल. 1997 ला सुरू झालेल्या फ्रूट्स मॅगझिनमधले फोटो बघा, कपाळावर क्लिपांचा खच, हातात माळा, मोजे एकावर एक, आणि त्यातलं कमी केलं की डेकोरा उरतच नाही, नुसती रंगीत कपड्यातली मुलगी उरते. प्रत्येक क्लिप म्हणजे आणखी पॉलिगॉन, 3D मॉडेल ज्या तुकड्यांनी बनतं ते, आणि तेवढा फोनवर भार. टेक्निकल आर्टिस्टचा मेसेज आलाय, क्लिपा चारात भागेल का.