कोकणची आगबोट: कंपन्या बदलल्या, बंदरं तशीच राहिली

मुंबई ते पणजी हे अंतर समुद्रातून साधारण २३० सागरी मैल. दहा-अकरा नॉटच्या (म्हणजे ताशी तेवढ्या सागरी मैलांच्या) चालीने आगबोट न थांबता गेली, तर बावीस-तेवीस तासांचा प्रवास. पण कोकणची बोट कधी न थांबता गेलीच नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी तिची बंदरं. सगळ्या बोटी सगळीकडे थांबत नसत, तरी वेळापत्रक ठरायचं ते इंजिनाच्या ताकदीपेक्षा या थांब्यांवर. कोकणच्या आगबोट कंपन्यांचा इतिहास सांगताना मालक कोण, भागभांडवल किती हे आधी सांगितलं जातं. माझ्या मते सुरुवात बंदरांपासून करावी, कारण बोटीचा आकार त्यांनी ठरवला आणि पुढचे अपघात त्या आकारातून आले.

यातल्या बहुतेक ठिकाणी बोट लागेल असा धक्काच नव्हता. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा, बाहेर उघडा समुद्र. बोट किनाऱ्यापासून लांब नांगर टाकायची किंवा इंजिन मंद ठेवून नुसती उभी राहायची, भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होड्या, निघायचे. कप्तानाचं कसब इथे दिसायचं. बोट लाटेला आडवी धरली की पलीकडच्या बाजूला आडोसा तयार होतो, तिथलं पाणी त्या मानाने शांत असतं. पडाव त्याच बाजूला लागायचे. तरीही पडाव दोन-तीन फूट वरखाली होत असतो. शिडीवर पाय टाकायचा तो पडाव लाटेच्या माथ्यावर असताना. खाली जात असताना टाकला, तर पुढच्या लाटेला पडाव वर येतो आणि पाय शिडी आणि पडावाच्या काठामध्ये सापडतो. म्हणून चढताना पोरं आणि गाठोडी आधी वर फेकली जात, माणसं मागून. हेलकाव्यांत तोल सांभाळत माणसांना वर ढकलणारे पडाववाले नसते, तर कुठल्याही कंपनीला या किनाऱ्यावर धंदा करता आला नसता.

दिवसाची वेळही बघावी लागे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, किनाऱ्यालगतचं पाणी तेव्हा तेलासारखं गुळगुळीत असतं. दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे जोर धरतात आणि पडावाचं काम अवघड होतं. बोट आधीच्या दोन बंदरांत तासभर रखडली, की पुढच्या बंदरात दुपार गाठायची आणि तिथे अजून एक तास जायचा. कोकणची बोट उशिरा येते या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असे. दाभोळला उतरलेला माणूस वाशिष्ठीतून छोट्या बोटीने गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या उंबरठ्यावर. जैतापूरला उतरलेला खाडीने राजापूरकडे. तिथे पुन्हा भरतीची वाट.

आता कंपन्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीचं नाव चालत होतं. त्यातूनच पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि तिचा कारभार किलिक निक्सन या मॅनेजिंग एजंटांकडे गेला. शेफर्डच्या बोटी फक्त दक्षिणेला जात नव्हत्या, कच्छ-काठेवाडही त्यांच्याच वाटेवर होतं. 'वैतरणा' ही त्यांचीच. १८८५ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथला बांधलेली, लांबी १७० फूट, रुंदी साडेसव्वीस फूट, खोली जेमतेम दहा फूट. विजेचे दिवे होते म्हणून गुजरातेत तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली, द्वारकेला आणखी प्रवासी घेतले आणि पोरबंदरच्या पुढे वादळात नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं तिच्यावर होती. एकही परत आलं नाही, सांगाडाही मिळाला नाही. मुंबई सरकारने चौकशी केली तेव्हा जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती हे निघालं.

स्वदेशीच्या लाटेत, १९०६ च्या सुमारास, हिंदी भांडवलाची इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी उभी राहिली. हे लांबलचक नाव कोणी घेत नसे. कोकणात ती 'माझी आगबोट कंपनी'. बोटींची नावंही विचार करून ठेवलेली: तुकाराम, रामदास, जयंती आणि जोडीला सेंट अँथनी, सेंट फ्रान्सिस, सेंट झेवियर. वारकऱ्यालाही बोट आपली वाटावी आणि गोव्याच्या ख्रिस्ती प्रवाशालाही. प्रवासी दोन्ही होते, तेव्हा हा निव्वळ भक्तिभाव नव्हता, चांगला हिशेब होता. त्याच वर्षी तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी कोलंबोच्या मार्गावर स्वदेशी कंपनी काढली. इंग्रज कंपनीने भाडं एक रुपयावर आणलं, यांनी आठ आणे केलं, मग समोरच्यांनी फुकट नेऊन वर छत्री देऊ केली. १९११ पर्यंत ती कंपनी संपली. त्या मानाने आपली 'माझी' पुष्कळ टिकली.

बोटी सगळ्यांच्या साधारण एकाच घाटणीच्या. इंग्रजांची असो की स्वदेशी, खाडीच्या मुखावरचा दांडा दोघींना सारखाच. त्यामुळे पाण्याखालचा भाग उथळ ठेवावा लागे. रुंदीही फार वाढवता येत नसे, कारण तेवढीच चाल ठेवायला कोळसा जास्त लागतो. मग प्रवासी वाढवायला एकच दिशा उरते: वर. १९३६ साली स्वान हंटर या इंग्लंडमधल्या कारखान्याने बांधलेली 'रामदास' १७९ फूट लांब, २९ फूट रुंद. म्हणजे वैतरणापेक्षा नऊ फूट लांब आणि अडीच फूट रुंद. पन्नास वर्षांत फरक एवढाच. प्रवासी क्षमता मात्र १०५०.

तिचं ग्रॉस टनेज साधारण चारशे. हे टन वजनाचे नाहीत. जहाजाच्या आतली शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक ग्रॉस टन. चारशे टन म्हणजे चाळीस हजार घनफूट, त्यातच इंजिनघर, बॉयलर, कोळसा आणि कप्तानाची केबिन. हजार माणसं त्यात मावत नाहीत हे उघड आहे. ती बसतात वरच्या उघड्या डेकवर, जो या मापात धरला जात नाही. म्हणजे कागदावर छोटी असलेली बोट प्रत्यक्षात डोक्यावर ओझं घेऊन चालते.

डोक्यावरच्या ओझ्याचा हिशेब एकदा आकड्यांनी करून पाहण्यासारखा आहे. खालचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, कुठल्या एका बोटीचे नाहीत. बोटीचं एकूण वजन ५०० टन. तिचा गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर (थोडी कललेली बोट ज्या बिंदूभोवती झुलते असं मानतात तो) यांतलं अंतर २ फूट (हे अंतर जितकं जास्त, तितकी कललेली बोट जोराने सरळ होते). आता ४०० माणसं, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे २० टन, एका बाजूकडून दुसरीकडे १५ फूट सरकली. २० गुणिले १५ म्हणजे ३००. त्याला ५०० गुणिले २, म्हणजे १००० ने भागा. उत्तर ०.३, आणि त्याचा कल निघतो सुमारे १७ अंश. २९ फूट रुंद बोटीत तेवढ्या कलाने डेकची एक कड चार फुटांहून जास्त खाली जाते. हे शांत पाण्यात. त्यात वाऱ्याची लाट आली आणि पाणी डेकवर चढलं, की ते पाणीही खालच्याच बाजूला धावतं आणि मघाचं २ फुटांचं अंतर घटत जातं. इथून बोट परत सरळ होत नाही.

कोळशाचीही यात भूमिका आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. तिहेरी प्रसरणाच्या (तीच वाफ एकामागून एक तीन टप्प्यांत वापरणाऱ्या) वाफेच्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे दीड पौंड कोळसा लागतो. ६०० अश्वशक्ती धरली तर ताशी ९०० पौंड, दिवसाला जवळपास दहा टन. हा कोळसा बॉयलरच्या बाजूच्या खणांत, म्हणजे बोटीच्या तळाशी असतो. जसजसा जळतो तसतसं खालचं वजन कमी होतं आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. परतीच्या खेपेत बोट म्हणूनच जास्त डुलते. त्याची भरपाई तळाच्या टाक्यांत पाणी भरून करायची, पण टाकी काठोकाठ भरायला हवी. अर्धवट भरली तर आतलं पाणी हेलकावे खातं आणि उपायच अपाय होतो. मे महिन्यात मुंबईकडे येणारी बोट सगळ्यांत वाईट अवस्थेत: डेकवर आंब्याच्या पेट्या, त्यांच्या मधून माणसं, खाली कोळसा संपत आलेला आणि समुद्राला नैर्ऋत्येकडून पावसाळ्याआधीची लांब लाट सुरू झालेली. आंब्याची पेटी इंजिनघराच्या भिंतीला टेकून ठेवली तर मुंबईपर्यंत फळ उकडून निघतं, म्हणून पेट्या आणखी वर, आणखी वाऱ्यात.

अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन हंगाम: मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. बोटी चालू असण्याच्या काळाची ही दोन्ही टोकं. वैतरणाची तारीख वर आलीच आहे. 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी गेल्या. दिवाळीच्या आसपासचा समुद्र शांत दिसतो, त्याच्यावर विसंबू नये.

'रामदास' मात्र भर पावसाळ्यात गेली. लांबच्या बोटी मेअखेर बंद होत, पण रेवस-धरमतरची फेरी बंदराच्या आतली मानली जाई, म्हणून ती पावसातही चालू. नकाशा पाहिला की यातली अडचण दिसते. मुंबई बंदराचं तोंड नैर्ऋत्येला उघडं आहे, आणि रेवसकडे जाणारी बोट त्या तोंडासमोरून आडवी जाते. पावसाळी लाट थेट कुशीवर येते. १७ जुलै १९४७, दीप अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोट निघाली. अमावास्येला गावी सणाला जाणारी माणसं, त्यामुळे गर्दी. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट बसली, भिजणारी माणसं एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावली आणि बोट उलटली. वरचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होतो. सहाशेहून जास्त माणसं गेली. कप्तान शेख सुलेमान वाचले.

मुंबईला हे कळलं दुपारी, पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. बोटीवर वायरलेस नव्हता. वैतरणाच्या काळी बिनतारी यंत्र जगातच नव्हतं, तिथे कंपनीला दोष देता येणार नाही. १९४७ साली हजार माणसांची परवानगी असलेल्या बोटीवर ते नसणं हा निव्वळ काटकसरीचा प्रकार होता. बोट धक्क्यापासून तासाभराच्या आत बुडाली, हाकेच्या अंतरावर मुंबईचं अख्खं बंदर, टग आणि लाँच उभ्या, आणि कोणाला पत्ता नाही.

मालकीचा पुढचा भाग थोडक्यात. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी काढलेल्या सिंधिया कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बॉम्बे स्टीमचा ताबा घेतला. १९५३ मध्ये प्रवासी आणि फेरी वाहतुकीसाठी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी (१९५३) अशी वेगळी कंपनी काढली, बोटी तिने सिंधियाकडून विकत घेतल्या आणि किमतीचा मोठा भाग व्याजाने फेडायचा ठरला. ते व्याज धंद्याचा खर्च धरायचं की नाही यावर आयकर खात्याशी खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयात कंपनी जिंकली. बोटी भंगारात गेल्या, पण करसल्लागार अजून या निकालाचा दाखला देतात.

गोव्याची नाकेबंदी झाल्यावर बोटींचा दक्षिणेकडचा शेवट वेंगुर्ल्यावर आला. नोव्हेंबर १९६१ मध्ये कोचीकडे जाणाऱ्या 'साबरमती'वर अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात एक प्रवासी दगावला. गोवा मुक्त झाल्यावर पणजीची वाट पुन्हा उघडली. चौगुले कंपनीच्या आणि सत्तरच्या दशकात मोगल लाइनच्या 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटी आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना आठवतात. या डिझेलवर चालणाऱ्या, म्हणजे आगबोट म्हणण्याजोग्या नव्हेतच, पण नाव तेच राहिलं.

त्या बंद पडण्याचा दोष बहुतेक जण कोकण रेल्वेला देतात. रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, बोट त्याआधीच, ऐंशीच्या दशकाअखेर, श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या कामाला बोटी वळवल्यावर संपली होती. बोटीला खरी मात दिली एसटीने आणि खाड्यांवरच्या पुलांनी. बोट वर्षाला आठ महिने कमावते आणि बारा महिने खाते: चार महिने ती गोदीत, तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडणं, रंग, बॉयलरच्या नळ्या, खलाशांचे पगार. एसटी पावसातही वाडीच्या फाट्यापर्यंत सोडते. एकदा खाडीवर पूल झाला की पडाववाल्याचा मुलगाही एसटीनेच मुंबईला जातो. पडाववाले गेले, की बोट कितीही चांगली असली तरी तिच्यात चढायचं कसं? १९९४ मध्ये आलेल्या दमानिया कंपनीच्या कॅटामरानने (दोन सांगाडे जोडलेल्या वेगवान बोटीने) पणजी सात-आठ तासांवर आणली, पण मधली बंदरं तिने वगळली होती. म्हणजे ती कोकणची बोट नव्हती, गोव्याची होती.

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो फेरी मार्च २०२० पासून सुरू आहे. तिच्यासाठी मांडव्याला लाटा अडवणारी भिंत आणि मोटारी थेट उतरतील असा धक्का आधी बांधला गेला, मग बोट आली. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांत हा क्रम शेफर्डच्या काळापासून उलटा होता.