पंप बंद केला होता

२०२० साली, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, आमच्या छातीरोग विभागात येणारा प्रत्येक खोकणारा माणूस आधी संशयित ठरायचा आणि मग पेशंट. त्या दुपारी आलेल्या बाईंकडेही सगळे तसंच बघत होते. पन्नाशीच्या असतील. एका दमात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं, मानेचे स्नायू ताणून श्वास ओढत होत्या. ऑक्सिजन ९१.

सोबतच्या मुलाला विचारलं. ताप नाही, अंगदुखी नाही, वास येतोय, चवही लागतेय. जुना दमा आहे, नाकाची ॲलर्जीही आहे. छाती तपासली तर दोन्ही बाजूंना श्वास सोडताना शिट्टीसारखे आवाज. हा दम्याचा ॲटॅक होता. पण तो विषाणूमुळेच उठलेला नसेल कशावरून? म्हणून स्वॅब पाठवला. रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे मात्र नव्हते.

सवयीने सिस्टरांनी नेब्युलायझर पुढे ओढला. मी नको म्हणाले. वाफेच्या फवाऱ्याबरोबर विषाणू खोलीभर पसरण्याची भीती होती, आणि पलीकडेच दुसरे पेशंट होते. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळीला, जोडून दिला. पंप हलवायचा, एक दाब, चार-पाच सावकाश श्वास, मग पुढचा दाब. नीट घेतलं तर मोठ्या माणसांच्या ॲटॅकमध्ये स्पेसरचा उपयोग नेब्युलायझरइतकाच होतो. अडचण वेगळीच होती. माझ्या तोंडावर मास्क आणि वर शील्ड, त्यामुळे ओठ कसे मिटायचे ते करून दाखवता येईना. शेवटी कागदावर चित्र काढलं. दर वीस मिनिटांनी औषध, सोबत थोडा ऑक्सिजन आणि सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या.

तासाभराने ऑक्सिजन ९५ वर आला, धाप उतरली. मग त्यांनी पहिलं सलग वाक्य उच्चारलं, "डॉक्टर, मी रोजचा पंप बंद केला होता."

"का हो?"

"त्यात स्टेरॉइड असतं ना. त्याने प्रतिकारशक्ती जाते म्हणतात. वाटलं, कोरोना झाला तर मी वाचायची नाही."

मला राग आला नाही. श्वास अडकण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला श्वासाच्या नव्या आजाराची धास्ती इतरांपेक्षा जास्तच वाटणार. त्यांनी जिवाच्या भीतीने जे सोडलं, तेच त्यांना सांभाळत होतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी हिशेब मांडला. त्यांच्या पंपाच्या एका मात्रेत बुडेसोनाइड हे स्टेरॉइड २०० मायक्रोग्रॅम. आज ॲटॅक आवरायला द्याव्या लागलेल्या गोळ्या ४० मिलिग्रॅमच्या, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपातलं औषध थेट श्वासनलिकांवर पडतं, तिथली सूज धरून ठेवतं. ते सोडलं की मोठी मात्रा पोटातून घ्यायची वेळ येते.

बोलता बोलता आणखी दोन गोष्टी निघाल्या. भीतीपोटी त्या खिडक्या बंद ठेवून रोज फरशी, कड्या, टेबलं ब्लीचने पुसत होत्या. त्या वाफांनी दमा खवळतो. साबणाचं पाणी पुरतं. ब्लीच लागलंच तर दुसऱ्या कुणी, खिडक्या उघडून वापरावं. दुसरं म्हणजे, त्यांनी नाकाचा स्प्रेही थांबवला होता. मग दिवसभर शिंका, खाजणारे डोळे, आणि हात सारखा चेहऱ्याकडे. ज्या काळात चेहऱ्याला हात लावू नका म्हणून सगळे सांगत होते, त्या काळात ॲलर्जी आटोक्यात ठेवणं हासुद्धा बचावच होता.

मुलाने विचारलं, "आणि आईला कोरोना झालाच तर?"

"तरी पंप सोडायचा नाही. स्पेसर तिचा तिनेच वापरायचा. सालब्युटामॉलचा निळा पंप घेऊनही धाप थांबली नाही, तर घाबरून घरी बसायचं नाही, तडक यायचं."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. तोवर मी ओपीडीच्या जुन्या रजिस्टरमधून दम्याच्या पेशंटना फोन लावायला बसले होते. "पंप चालू आहे ना?" एवढंच आधी विचारायचे. बरेच जण गप्प व्हायचे. एका आजोबांनी तर अडीअडचणीला उपयोगी पडावा म्हणून पंप न वापरता जपून ठेवला होता. त्यांना फोन चालू ठेवूनच आणायला लावला, मात्रा घेऊन चूळ भरेपर्यंत थांबले आणि मग पुढचा नंबर फिरवला.