भरती-बॉट: पन्नास मिनिटांचा घोळ

सापडलं! सहा पहाटा गेल्या, पण सापडलं. भरती-बॉट म्हणजे एका साइटवरच्या भरती-ओहोटीच्या वेळा एआय एजंटकडून वाचून घेऊन काकांना मेसेज करणारा माझा प्रोग्रॅम, आणि त्याच्या वेळा पन्नास मिनिटं चुकत होत्या.

गेल्या नोंदीत गाडी कॅनव्हासपाशी (पानातल्या चित्र काढायच्या चौकोनापाशी) अडली होती. साइटवरचा भरतीचा आलेख म्हणजे नुसतं चित्र, पानाच्या मजकुराच्या स्नॅपशॉटमध्ये एजंटला रिकामा चौकोन मिळतो. म्हणून पान वाचायचं सोडून खालची रिक्वेस्टच (पान सर्व्हरकडे माहिती मागतं ती) पकडायची ठरलं होतं. ते काम अर्ध्या तासात झालं. क्रोम डेव्हटूल्सचा (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांचा) एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला ती साधनं वापरू देणारा जोड, लावला (सप्टेंबर २०२५ मध्ये आला तोच) आणि एजंटला सांगितलं, आधी यादी घे, त्यात फेच आणि एक्सएचआर (पान मागून माहिती मागवतं त्या रिक्वेस्ट) एवढंच ठेव, मग हवी ती एकच उघड. गाळणी न लावता यादी मागवाल तर फॉन्ट, चित्रं आणि जाहिरातींनीच कॉन्टेक्स्ट (एजंटला एका वेळी वाचता येणारा मजकूर) भरतो, हे माझ्या खिशाला विचारा. नऊ ओळी उरल्या. त्यातली आपली: यूआरएलच्या शेवटी 'टुडे', स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक), आत भरती-ओहोटीच्या चार वेळा आणि मीटरमध्ये उंची. रात्री साडेअकराला म्हापशातल्या घरात मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

बॉट पहाटे ५ ला चालतो आणि शिवोलीच्या काकांना मेसेज जातो. काका खाजनाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी, गरी टाकून बसतात. भरती असेतो नदीच्या पाण्याच्या दाबानं मानशीची दारं मिटलेली असतात. ओहोटी लागून बाहेरचं पाणी खाली गेलं की ती आपोआप उघडतात आणि त्या धारेला मासळी येते. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "पन्नास मिनिटं डास मारत बसलो गो!"

मला वाटलं, साइटची वेळ नदीच्या मुखाची असणार, पाणी आत यायला वेळ लागतो. ५० मिनिटं मिळवून टाकायचा एक ओळीचा कोड लिहूनही झाला होता. आता त्या ओळीकडे बघून अंगावर काटा येतो, कारण ती बऱ्यापैकी चालली असती!

काकांना ते सांगायला गेले तर म्हणाले, "भरती रोज पाऊण तास पुढे सरते. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट कशाला करतात? तू मला कालचं पाणी सांगतेस."

घरी येऊन रिस्पॉन्सचे हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) नीट वाचले. 'डेट' हेडरमध्ये वेळ २३:३० जीएमटी. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आपले पहाटेचे ५ म्हणजे जीएमटीचे आदल्या रात्रीचे साडेअकराच. पण तारीख आदल्या दिवशीची हवी होती, ती त्याच्याही आदल्या दिवशीची होती. बरोबर २४ तास शिळं उत्तर, आणि स्टेटस ताठ मानेनं २००.

मग डेव्हटूल्स हातानं उघडलं. साइझच्या रकान्यात आकड्याऐवजी लिहिलेलं: सर्व्हिस वर्कर. हा वर्कर म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम. तो आधी कॅशमधलं (साठवलेलं) जुनं उत्तर पानाला देतो आणि नवं मागून आणून ठेवतो, पुढच्या भेटीसाठी. ती मागून जाणारी रिक्वेस्ट वर्करची, पानाची नव्हे, म्हणून एजंटच्या यादीत ती नव्हतीच. माझी पुढची भेट दुसऱ्या दिवशी पहाटे! दिवसा चार वेळा साइट उघडणाऱ्या माणसाला हे कधी जाणवणारही नाही. पहिल्या रात्री सगळं बरोबर आलं, कारण तेव्हा वर्कर नुकताच बसत होता. एमसीपी सर्व्हरचं ब्राउझर-प्रोफाइल (कॅश, वर्कर वगैरे साठतात ती जागा) मुळात टिकाऊ असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तो दारात उभा.

उपाय एका शब्दाचा: 'आयसोलेटेड' फ्लॅग, म्हणजे सर्व्हर सुरू करताना द्यायचा पर्याय. दर वेळी कोरं प्रोफाइल, ब्राउझर मिटला की तेही गेलं. प्लेराइट (ब्राउझर चालवायचं दुसरं साधन) वापरणाऱ्यांना तर सर्व्हिस वर्कर सरळ बंद करायचा पर्याय आहे, तो मला जास्त आवडतो, रोगावरच औषध.

पुढचा बेत असा होता की आजची वेळ कालच्याशी ताडून बघायची, फरक ५० मिनिटांच्या आसपास नसेल तर मेसेज थांबवायचा. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय, शिळ्या वेळाही रोज तेवढ्याच सरकत होत्या! ही तपासणी सहाही दिवस पास झाली असती. मग ते रद्द. आता दोन गोष्टी: 'डेट' हेडर तासाभराहून जुनं असेल तर मेसेज जाणार नाही, आणि पंचांगातली तिथी घेऊन काकांचा पाऊणपटीचा हिशेब शेजारी मांडायचा. तो ढोबळ आहे, अष्टमीच्या सुमारास भरती रोज जास्तच सरकते. पण साइटच्या बाहेरचा साक्षीदार तेवढा एकच आहे.

आज पहाटेचा मेसेज बरोबर गेला. काका मेसेजच्या आधीच बांधावर पोचले होते. तीन शेवटे (मासे) मिळाले, त्यातला एक आमच्याकडे आला.