क्लिपलेस पेडल : पहिल्या सहा आठवड्यांची नोंद

गेली चार वर्षे नाशिक ते त्र्यंबकेश्वर हा जवळपास ३० किलोमीटरचा रस्ता मी साध्या सपाट पेडलवर करत आले. गेल्या पावसाळ्यात अंजनेरीच्या अलीकडच्या चढावर भिजलेला बूट पेडलवरून सटकला आणि पेडलच्या खिळ्यांनी नडगी सोलवटली, तेव्हापासून क्लिपलेस पेडलचा, म्हणजे बुटाच्या तळव्याला लावलेली छोटी पट्टी (क्लीट) स्प्रिंगने पकडून ठेवणाऱ्या पेडलचा, विषय डोक्यातून गेला नाही.

पाय पेडलमध्ये अडकत असूनही त्याला ‘क्लिपलेस’ का म्हणतात, हे नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो. पूर्वी चवड्याभोवती पिंजरा आणि पट्टा असलेली टो-क्लिप असे. ती गेली म्हणून हे नाव पडले. लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये स्कीच्या बुटाची पकड सायकलवर आणली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने त्या पेडलवर टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली.

निवड करताना मी वेगापेक्षा पायउतार होण्याचा विचार अधिक केला. शिमानो कंपनीचे दोन प्रकार समोर होते. तीन बोल्टच्या एसपीडी-एसएल प्रकारात प्लॅस्टिकची मोठी क्लीट तळव्याबाहेर येते, त्यामुळे चालणे अवघड होते. दोन बोल्टच्या एसपीडीची धातूची लहान क्लीट तळव्याच्या खाचेत बसते. माझी फेरी अंजनेरीच्या पायथ्याशी किंवा गंगापूर धरणाकाठच्या चिखलात थांबते, म्हणून एसपीडीच घेतली. नवशिक्यांना एका बाजूने सपाट असलेले पेडल सुचवले जाते, पण सातपूरच्या रहदारीत योग्य बाजू शोधण्यासाठी खाली पाहणे मला धोक्याचे वाटते. म्हणून दोन्ही बाजूंनी अडकणारे शिमानोचे एम५२० निवडले.

बसवताना ग्रीस लावावेच, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. जुने पेडल काढताना ते माझ्या लक्षात राहिले नाही आणि १५ मिलिमीटरच्या पान्याने ते मी आणखीच घट्ट केले. नव्या बुटाचा तळवा पातळ असल्याने सीटही ५ मिलिमीटर खाली घ्यावी लागली.

पहिला आठवडा पार्किंगमधल्या भिंतीला हात टेकून टाच बाहेर वळवून पाय सोडवण्याच्या सरावातच गेला. स्प्रिंगचा ताण ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने सर्वांत सैल ठेवला होता. त्यानंतर पहाटे सोमेश्वरच्या पुढे गंगापूर रस्त्यावर, दर दोनशे-तीनशे मीटरवर डावा पाय सोडायचा आणि पुन्हा अडकवायचा, असा सराव केला. तरीही दुसऱ्या आठवड्यात एका सिग्नलला मी पडले. डावा पाय वेळेवर सुटला होता, पण शेजारून रिक्षा घुसल्यामुळे वजन उजवीकडे गेले आणि उजवा पाय अडकलेलाच होता. कोपर खरचटले. पाय सुटणे पुरेसे नाही. थांबण्यापूर्वीच सीटवरून पुढे येऊन सगळे वजन मोकळ्या पायाकडे न्यावे लागते. त्यानंतर मी सिग्नल दिसताच, ब्रेकला हात जाण्याआधी, पाय सोडू लागले.

सर्वांत जास्त वेळ मात्र क्लीटच्या कोनाने घेतला. तिसऱ्या आठवड्यात ४० किलोमीटरनंतर डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले. टेबलावर बसून पाय अधांतरी सोडले तेव्हा माझा डावा चवडा मुळातच बाहेर वळतो हे दिसले, आणि क्लीट मी अगदी सरळ बसवली होती. एसपीडीत टाचेला थोडी मोकळीक असते, पण ती संपली की उरलेले वळण गुडघ्यावर येते. मार्करने जुनी जागा आखून, ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने दोन्ही बोल्ट सैल करून क्लीटचे टोक अंगठ्याच्या बाजूला किंचित वळवले. दोन फेऱ्यांनंतर दुखणे थांबले, तेव्हाच क्लीट ३ मिलिमीटर मागे सरकवली. दोन्ही बदल एकदम केले असते तर गुण कशाचा ते कळले नसते. मागे सरकवल्याने लांबच्या फेरीत चवड्याची होणारी जळजळही कमी झाली.

सहाव्या आठवड्यात डाव्या पेडलच्या स्प्रिंगचा ताण स्क्रू दोन ‘क्लिक’ फिरवून वाढवला. उजव्या पेडलला अजून हात लावलेला नाही. त्र्यंबकच्या चढावर उभे राहून पेडल मारताना तो पाय एकदाही आपोआप सुटला नाही, त्यामुळे तूर्त ते सैलच राहील.