तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी मूळ संख्या शोधून मिळतं काय?

२०२४ साली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली, तेव्हापासून भेटेल तो मला विचारतो, 'तिचा उपयोग काय?' एकदाच नीट लिहिते.

पूर्वी मी सांगायचे की मोठ्या मूळ संख्यांमुळेच ऑनलाइन व्यवहार सुरक्षित राहतात. ते खोटं नाही. पण त्या संख्या काहीशे अंकी असतात आणि गुप्त ठेवाव्या लागतात. २०२४ ची ती संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तर जगजाहीर. तिच्यामागे काय लपवणार? त्या उत्तराने समोरचा गप्प बसायचा, एवढंच. आता ते देत नाही.

मला धरून ठेवलं ते ८१९१ ने, म्हणजे २ चा १३ वा घात वजा १ ने. अशी संख्या मूळ आहे का हे तपासणारी लुका-लेमर कसोटी मी पहिल्यांदा हाताने केली ती हिच्यावर. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ८१९१ ने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. अकराव्या पायरीला बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७. कशाचा कशाला मेळ नाही. मग एकदम ३६. पुढे १२९४, ३४७०, १२८. १२८ चा वर्ग १६३८४, त्यातून २ गेले, १६३८२. ८१९१ ची बरोबर दुप्पट! बाकी शून्य. एकही विभाजक न शोधता कळलं की विभाजक नाहीच.

वही दादाला दाखवली. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि विचारलं, "पण ही मूळ आहे हे आधीपासून माहीत होतं ना?" त्याने चेष्टा केली असती तर मी भांडले असते. तो मनापासून विचारत होता, म्हणून जास्त लागलं. ८९ पर्यंतच्या २४ मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहणं वेगळं आणि त्या गोंधळातून शून्य बाहेर येताना पाहणं वेगळं, हे मला त्याला सांगता आलं नाही. आजही धड सांगता येतं असं नाही.

प्रश्न जुनाच आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, आणि तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या. १८११ मध्ये इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी लिहिलं की अशा संख्या निरुपयोगी असल्यामुळे याहून मोठी शोधायला बहुधा कोणी जाणार नाही. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती लुका यांनी (कसोटीच्या नावातले तेच) २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं.

यात वीज जाते, यंत्रं महिनोन्महिने राबतात, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हेही अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. ५२ सापडल्या आहेत. आणखी एक सापडल्याने तो प्रश्न सुटणार नाही, हे मला कळतं. तरी ती मला हवी आहे.